रांगेत काळी झालेली बोटं

१

मत न देताच दया गायकवाडच्या बोटावर शाई होती.

बहात्तर सालचा उन्हाळा. पंचायत समितीची निवडणूक होती आणि आमच्या बोरवाडीचं मतदान प्राथमिक शाळेच्या थोरल्या खोलीत चाललं होतं. पुणतांब्यापासून आत, माळाकडे सरकलेलं आमचं गाव. मी तेव्हा विशीतली, मॅट्रिक झालेली सून. बायकांत लिहितावाचता येणारी म्हणून मुक्ताबाईंनी मला आपली पोलिंग एजंट केलं होतं. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही.

मुक्ताबाई ओढ्यापलीकडच्या खडकवस्तीतल्या. नवरा लवकर गेलेला. त्या अपक्ष उभ्या होत्या, निशाणी शिडी. खडकवस्तीला विहीर दोनदा मंजूर झाली आणि दोन्ही वेळा ती आप्पासाहेबांच्या मळ्यात खोदली गेली. वस्तीतल्या बायका ओढ्याच्या झिऱ्यावर वाटीवाटीनं पाणी भरायच्या. समितीत आपलं माणूस बसल्याशिवाय तिसरी विहीरही मळ्यातच जाणार, एवढं साधं गणित होतं. समोर उभे होते ते स्वतः आप्पासाहेब, मोठ्या पक्षाचे.

केंद्राध्यक्ष राधाकृष्ण भालेराव नगरहून आलेले, कुठल्याशा कचेरीतले कारकून. माणूस सरळ होता. घाबरटही होता.

"डावा हात दाखवा," ते दयाला म्हणाले.

दयानं हात पुढं केला. तर्जनीवर, नखापासून पेरापर्यंत, काळपट जांभळा डाग.

"तुमचं मतदान झालंय."

"न्हाई साहेब. आत्ता तर दारात पाय ठेवलाय."

भालेरावांनी यादी पाहिली. दयाच्या नावापुढं खूण नव्हती. त्यांनी कपाळ चोळलं. "म्हणजे दुसऱ्या गावी केलं असेल. बोटावर खूण असली तर मतपत्रिका देता येत नाही. पुढच्या बाई."

पुढच्या बाईचंही बोट काळं होतं. तिच्या मागचीचंही. खडकवस्तीच्या बायका एकामागून एक हात पुढं करत होत्या आणि एकामागून एक परत जात होत्या. मी उठून हरकत घेतली. भालेरावांनी नियमाचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. नियम खरा होता.

दया दारातून मागं वळली. आवाज न चढवता म्हणाली, "घरून निघाले तवा बोट कोरं हुतं. हितं रांगेत उभ्या उभ्या काळं झालं."

खोलीतले पुरुष हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण आपल्याला वेड्यात काढतील हे ठाऊक असूनही ती हे म्हणाली होती.

२

मी शाळेतल्या पोरीला पिटाळून मिशनच्या दवाखान्यातून दीनाबाईंना बोलावून घेतलं. दीनाबाई नर्स. पन्नाशीच्या, पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्यांना कुणी खोटं सांगायला जात नसे.

परत पाठवलेल्या बायका आवारात उन्हात बसल्या होत्या. दीनाबाईंनी प्रत्येकीचं बोट धरून पाहिलं. थुंकी लावून घासलं. डाग हलला नाही.

"शाई हीच आहे, किंवा हिची सख्खी बहीण," त्या म्हणाल्या. "चल, शाईच्या बाटलीवाल्यापासून सुरुवात करू."

भालेराव ओसरीवर आले. घाम पुसत म्हणाले, "बाई, बाटलीला लाखेची मोहर होती. सगळ्या एजंटांसमोर फोडली. हिला विचारा."

ते खरं होतं. मी समोरच होते.

"कुणी बाहेर नेली?"

"माझ्या टेबलावरून हललेली नाही."

म्हणजे शाई इथली नव्हती. मग मी माझा संशय बोलून दाखवला. आदल्या आठवड्यात आप्पासाहेबांच्या घरी हळदीकुंकू झालं होतं. खडकवस्तीच्या बायकांना मुद्दाम बोलावणं होतं. तिथंच काही लावलं असणार.

"आठवडाभर काळं बोट घेऊन हिंडल्या आणि कुणाला दिसलं नाही?" दीनाबाई म्हणाल्या. "शिवाय दया तिथं गेली होती का?"

दया मोझेस गायकवाडची बायको. वस्तीतली दोन-तीन घरं ख्रिस्ती, त्यातलं तिचं एक. ती म्हणाली, "आमी कुंकवाला कशाला जाऊ, सिस्टरबाई? बोलावलं बी न्हवतं."

"हळदीकुंकवाला हात पुढं करतात तो उजवा. कुणी देवाची शपथ घातली असती, तीर्थ दिलं असतं, तरी उजवाच. डावा हात बाई उगीच कुणापुढं करत नाही. हे ज्यानं केलं त्यानं डावा हात कसा मिळवला, ते मला हवंय."

तेवढ्यात आप्पासाहेबांचा माणूस आमच्याकडे आला. नाव कारभारी, काम गावभर लक्ष ठेवणं. पांढरी टोपी, हातात चहाची किटली. पुरुषांच्या रांगेवर त्यानंच पक्षातर्फे मांडव घातला होता. बायकांची रांग उघड्या उन्हात होती.

"घ्या सिस्टरबाई, चा घ्या. कशाला उन्हाचं डोकं तापवून घेता? दोनदा मत द्यायची हाव सुटली या बायांना, दुसरं काय."

"मांडव बायकांनाही घालायचा होता की."

"त्या काय उन्हाला नव्या हायत? रोज खडी फोडत्यात." तो हसला. "आन काळ्या हुनार न्हाईत त्या, हायेत त्येवढ्या लई हायेत."

दीनाबाईंनी चहा घेतला नाही. तो गेल्यावर कितीतरी वेळ त्या मांडवाकडे पाहत उभ्या राहिल्या.

३

"खडकवस्तीच्या एकाही बाईला मत देता आलं नाही का?" त्यांनी विचारलं.

"तिघींना आलं," मी म्हणाले. "कडूबाई, राहीबाई आणि मुक्ताबाई स्वतः. त्यांची बोटं स्वच्छ होती."

"का बरं?"

"दोघी म्हाताऱ्या आहेत. बाहेर फारशा..."

"मुक्ता म्हातारी आहे?"

मुक्ताबाई चाळिशीच्याही नव्हत्या. शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, उन्हात बसलेल्या आपल्या बायकांकडे पाहत.

"नीट बघ पोरी. त्या तिघींत सारखं काय आहे?"

मी पाहिलं, आणि मग मला लाज वाटली, कारण ते रोजच दिसणारं होतं. तिघींची कपाळं मोकळी होती. तिघी विधवा.

"म्हणजे जे काही लावलं ते सवाष्णींनाच लावलं," मी म्हणाले. "पण मग ते हळदीकुंकूच की."

"दया कुंकू लावत नाही. तरी तिचं बोट काळं आहे. नवरा असलेली बाई, हिंदू असो की ख्रिस्ती, काय घेते जे विधवा घेत नाही? आणि कोण परका पुरुष तिचा डावा हात धरतो, आणि तिचा नवरा शेजारी बसून पाहतो नि काही म्हणत नाही?"

दयानं आपसूक दुसऱ्या हातानं मनगट झाकलं. मनगटावर नव्या हिरव्या बांगड्या होत्या.

"कासार," ती म्हणाली.

"कधी आला होता?"

"काल. दिवस मावळताना. कानिफनाथ कासार, नेहमीचाच. कडूबाईची सून बाळंत झालीय, तिला चुडा भरायला आलो म्हनला. मग समद्याच बसलो."

"बोटाला काही लावलं?"

"पान्यासारखं लावलं हुतं कायतरी. काच लागू नये म्हनून. पर ते पानी हुतं सिस्टरबाई. रंग न्हवता त्याला. त्यानं बोट कसं काळं हुईल?"

दीनाबाईंनी एकदम पदर झटकला. पदराच्या टोकाला जुने काळे ठिपके होते.

"हे कशाचे आहेत माहीत आहे? दवाखान्यात जन्मलेल्या पोराच्या डोळ्यात मी एक थेंब टाकते. औषध पाण्यासारखं असतं. पदरावर सांडलं तर दिसतही नाही. मी उन्हात आले की डाग काळा होतो आणि मग धुऊन जात नाही. चांदीचं पाणी असतं ते, तेजाबात विरघळवलेली चांदी. मतदानाच्या शाईतही तेच असतं. त्याची बाटली मी काळ्या कागदात गुंडाळून ठेवते, कारण त्याला ऊन चालत नाही."

मी रांगेकडे पाहिलं. पुरुष मांडवात. बायका उन्हात.

दया खरं बोलली होती. बोटं रांगेतच काळी झाली होती.

४

कानिफनाथ कासार मारुतीच्या पारामागं सापडला. गावात मतदान म्हणजे माणसांची गर्दी, म्हणून पेटी मांडून बसला होता. दीनाबाईंनी त्याच्यापुढं आपला डावा हात केला.

"भर बांगड्या."

"सिस्टरबाई, तुमी तर घालत न्हाई."

"आज घालते. पण काच लागू नये म्हणून ते पाणी आधी लाव."

कासाराचं तोंड उतरलं. त्यानं उजवा हात धोतराखाली सरकवला. दीनाबाईंनी तो ओढून बाहेर काढला. अंगठा आणि दोन बोटं काळीठिक्कर.

"तुझं मत कोपरगावला. तिथं आज मतदान नाही. हे कशानं झालं?"

"कल्हईवाल्याकडं बसलो हुतो."

"बांगडी काचते ती अंगठ्याच्या बुडाशी. तू जन्मभर बांगड्या भरल्यास, तुला मी सांगायला नको. तर्जनीच्या नखाला काय काचतं, कानिफनाथ? आणि डाव्याच हाताच्या?"

त्यानं बांगड्यांचे जुडगे उगाच इकडून तिकडे केले. मग बोलला.

"कारभारीदादानं बाटली दिली. पुणतांब्याच्या सोनाराकडची. म्हनला, बायांची नखं बळकट व्हत्यात, आप्पासाहेबांकडून भेट हाय, पर नाव सांगू नको. डाव्या हाताचं पयलं बोट, म्हनला. मी इचारलं त्येच का. तर म्हनला, तुला बांगड्या इकायच्या हायत का चौकशा करायच्यात?"

"आणि तुला खरंच वाटलं?"

"मला काय वाटायचंय, बाई. पेटी डोक्यावर घेऊन त्येंच्या गावातनं जावं लागतं." त्यानं आपली बोटं पाहिली. "सकाळी माझीच काळी झाली तवा समजलं. तवर बाया शाळेकडं निघाल्या हुत्या."

"हे भालेरावांपुढं सांगशील?"

त्यानं बांगड्या आवरल्या. पेटीचं झाकण लावलं, डोक्यावर घेतली आणि उठला. मी वाट अडवली, तर म्हणाला, "सरा ताई. मी सांगितलं, तुमी ऐकलं. पर मी सांगितलं न्हाई."

तो ओढ्याच्या बाजूनं चालता झाला. सगळं कळलं होतं आणि हातात काहीच नव्हतं. काळी बोटं तर शत्रूच्याच बाजूनं बोलत होती.

"आणखी एक बोट आहे," दीनाबाई अचानक म्हणाल्या. "बाळंतिणीचं. तिलाही बांगड्या भरल्या. आणि ती अजून उन्हात आलेली नाही."

५

कडूबाईच्या घरात बाळंतिणीची खोली म्हणजे एका अंगाचा कोनाडाच होता. खिडकी नाही, दाराला गोधडी, खाटेखाली शेगडी. छबू भिंतीकडे तोंड करून पोराला पाजत होती. दीनाबाईंनी दिवा जवळ नेला. मनगटावर हिरवा चुडा, आणि तर्जनी कोरी. निरखून पाहिलं तर नखाच्या कडेला पिवळट झाक, एवढंच.

दीनाबाईंनी बोटाला जाड फडकं गुंडाळलं. मग खाली बसून तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आता ठरव. बोट झाकून बैलगाडीतनं शाळेत गेलीस आणि खोलीत फडकं सोडलंस, तर ते कोरं आहे. तुला मत देता येईल. एक मत नक्की. नाहीतर साहेबांना बाहेर बोलावून त्यांच्या डोळ्यांदेखत ते उन्हात धरायचं. काळं झालं की बाकीच्यांचं खरं ठरेल. पण मग तुझंही बोट काळं."

"आधी मत देते, मग दाखवते."

"मत दिलंस की त्याच बोटाला ते शाई लावणार. मग दाखवायला काय उरलं?"

कडूबाई दारातून म्हणाली, "कच्ची बाळंतीन हाय ती. आन जायाचंच आसंल तर एक तर एक, मत पडू द्या. साहेबाचा काय भरवसा हाय?"

छबूनं पोराला सासूच्या ओटीत दिलं. डोक्याला कानपट्टी बांधली.

"माझ्या येकटीच्या मतानं हीर येती का, आत्याबाई?" ती म्हणाली. "गाडी जुंपाया सांगा."

शाळेपाशी मुक्ताबाई गाडीला सामोऱ्या आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी छबूचा गुंडाळलेला हात धरला. "छबू, तुझं मत तू टाक गं. ते तुझं हाय. माझ्यासाठी घालवू नको."

"तुमच्यासाठी कोन घालवतंय," छबू म्हणाली. "झिऱ्यावर मी बी बसते की."

६

भालेराव ओसरीच्या पायरीपर्यंत आले. दोन्ही बाजूंचे एजंट आले. कारभारीही आला, यावेळी किटलीशिवाय.

दीनाबाईंनी फडकं सोडलं आणि छबूचा हात भालेरावांच्या तळहातावर ठेवला. "बोट कोरं आहे ना? मोठ्यानं सांगा."

"कोरं आहे."

"आता सोडू नका. तुमच्याच हातात राहू द्या."

सगळे उन्हात उभे राहिले. आधी नखाच्या कडा तपकिरी झाल्या. मग डाग पेराकडे उतरत गेला, जांभळा झाला, दाट होत गेला. छबू बोटाकडे पाहत नव्हती, भालेरावांच्या तोंडाकडे पाहत होती. आवारातल्या बायका एकेक करून उठून जवळ आल्या आणि आपली बोटं तिच्या बोटाशेजारी धरू लागल्या. रंगात फरक उरला नव्हता.

"जादूटोना झाला हा," कारभारी म्हणाला. कुणी हसलं नाही.

"पटलं?" दीनाबाईंनी विचारलं.

"पटलं," भालेराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "बाई, मला दिसलं. मी लिहून वर पाठवीन. पण नियमात खूण कशी आली हे कुठं विचारलेलं नाही हो. खूण आहे का, एवढंच विचारलंय. मी मतपत्रिका दिल्या तर उद्या हेच लोक म्हणतील, काळ्या बोटांची मतं घेतली. माझी नोकरी जाईल, आणि मतंही बाद होतील."

"म्हणजे ज्यानं फसवलं त्याचं बरोबर?"

"मी असं म्हणालो नाही."

"म्हणाला नाहीत. केलंत."

भालेराव आत गेले. छबूनं आपला हात अजून तसाच पुढं धरला होता. तिनं मला विचारलं, "मग माझं तरी?" तिला यादीतलं तिचं नाव दाखवावं असं वाटून गेलं, म्हणजे निदान ते कोरं तरी दिसलं असतं. पण तिला वाचता येत नव्हतं.

बायका मतदान संपेपर्यंत आवारातून हलल्या नाहीत. दार लागलं तेव्हा उठल्या आणि पदर झटकून वस्तीकडे गेल्या.

७

मुक्ताबाई पडल्या. थोडक्यात पडल्या. आवारात बसलेल्या बायकांनी तो फरक सहज भरून काढला असता. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत सुटले होते, आणि आज नातवंडांना सांगते तर ती म्हणतात, आजी, किती वेळा.

आम्ही तक्रार केली. दीनाबाईंनी सगळं मुद्देसूद लिहून दिलं, इंग्रजीत आणि मराठीत. भालेरावांचा अहवालही गेला म्हणतात. आमची सुनावणी नगरला लागली तेव्हा पावसाळा कोरडाच सरला होता. दोनदा तारीख पुढं गेली. कानिफनाथ कासाराला समन्स निघालं, पण तो येवल्याकडं निघून गेला होता. कारभारी मात्र वेळेवर हजर, इस्त्रीची टोपी घालून.

सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, सभ्यपणे बोलत होते. त्यांनी बायकांना पुढं बोलावलं. दया, छबू आणि बाकीच्या ओळीनं उभ्या राहिल्या, डावे हात पुढं करून.

"कुठं आहे शाई?" साहेबांनी विचारलं.

शाई नव्हती. कातडी निघून नवी आली होती, नखं वाढून कापली गेली होती. खडी फोडून बोटं भेगाळली होती, पण काळी नव्हती. मतदानादिवशी जो डाग कशानंही निघत नव्हता, तो न्यायाची तारीख पडेपर्यंत आपोआप गेला होता.

"स्वच्छ आहेत की," साहेब म्हणाले आणि पुढचं प्रकरण पुकारलं.

बाहेर एस. टी. स्टँडवर दीनाबाई एका बाकड्यावर बसून राहिल्या. सून म्हणून आल्यापासून मी त्यांना ओळखत होते, त्यांना बसलेलं फार कमी वेळा पाहिलं होतं. मुक्ताबाई म्हणाल्या, "सिस्टरबाई, तुमी तर समदं शोधून काढलं."

"शोधून काय झालं गं?"

कडूबाई नातवाला काखेत घेऊन गाडीच्या दिशेनं आधीच चालू लागली होती. मागं वळून तिनं हाक मारली, "चला गं बायांनो. उशीर झाला तर झिऱ्यावर नंबर लागायचा न्हाई."